लोपामुद्रा : अर्थ, उगम आणि प्रसार



भारतातील कोणत्याही भाषेत मुलींच्या नावांची यादी काढून पाहावी. तिच्यात नद्या, फुले, नक्षत्रे, देवता आणि सद्गुण यांचीच दाटी आढळते. गंगा, मालती, रोहिणी, लक्ष्मी, शांता ही नावे उच्चारताच त्यांचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. मात्र याच यादीत क्वचित असे एखादे नाव येते की ज्याच्यापाशी ऐकणारा थबकतो. लोपामुद्रा हे अशा नावांपैकी एक होय. ते फार जुने आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ते आढळते. ते एका राजकन्येचे, ऋषिपत्नीचे आणि मंत्रद्रष्टीचे नाव आहे. असे असूनही दीर्घकाळ ते घरोघरच्या पाळण्यांपासून दूर राहिले. सीता, सावित्री, अनसूया, अरुंधती ही नावे खेडोपाडी पोचली. लोपामुद्रा पोचली नाही. हे का घडले असावे, आणि विसाव्या शतकात काही प्रदेशांत हे नाव पुन्हा कसे ऐकू येऊ लागले, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम उगमाचा विचार करू. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एकशे एकोणऐंशीवे सूक्त अवघ्या सहा ऋचांचे आहे. परंपरेने त्यातील पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढील दोन अगस्त्याच्या आणि शेवटच्या दोन त्याच्या शिष्याच्या मानल्या आहेत. संभाषणाला आरंभ स्त्री करते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती म्हणते की अनेक वर्षे, रात्रंदिवस, वार्धक्य आणणाऱ्या एकामागून एक उषा उगवत असता तिने कष्ट उपसले. आता जरा शरीराची शोभा हिरावून नेत आहे. तेव्हा पतीने पत्नीकडे यावे. आपल्या म्हणण्याला ती पूर्वसूरींचा आधार देते. सत्याची उपासना करणारे, देवांशी सत्य बोलणारे पूर्वीचे ऋषीही व्रताच्या शेवटापर्यंत पोचले नाहीत, ही आठवण ती करून देते. त्यावर अगस्त्याचे उत्तर असे की देव ज्याचे रक्षण करतात तो श्रम वाया जात नाही. पतिपत्नी दोघे मिळून पुढे गेली तर शेकडो युक्त्यांचा सामना जिंकता येईल. सूक्ताच्या अखेरीस कुदळीने खणणाऱ्या अगस्त्याचे चित्र येते. संतती आणि बल यांची इच्छा धरून त्या उग्र ऋषीने दोन्ही बाजूंचे पोषण केले, असे तेथे म्हटले आहे. भाष्यकार सायणाचार्य या दोन बाजू काम आणि तप अशा घेतात.

वेदांतील स्त्रीऋषींची गणना बृहद्देवता या प्राचीन ग्रंथात आहे. तेथे सत्तावीस ब्रह्मवादिनींची नावे दिली असून त्यांत घोषा, अपाला, विश्ववारा, रोमशा यांच्यासह लोपामुद्राही आहे. तिच्या नावाला लागूनच त्या यादीत नद्यांचा उल्लेख येतो. हा निव्वळ योगायोग असला तरी पुढील कथाभाग पाहता तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

वेदातील ही स्त्री महाभारताच्या वनपर्वात अधिक विस्ताराने भेटते. आपले पितर एका खड्ड्यात उलटे लोंबकळत आहेत, असे अगस्त्याने पाहिले. वंश खुंटल्यामुळे त्यांची ही अवस्था झाली होती. संतती हवी, परंतु अनुरूप स्त्री दिसेना. म्हणून निरनिराळ्या प्राण्यांचे जे जे अंग उत्तम, ते ते घेऊन त्याने एक कन्या निर्माण केली आणि अपत्यासाठी तपश्चर्या करणाऱ्या विदर्भराजाला ती दिली. राजाच्या घरी ती वाढली, आणि ब्राह्मणांनी तिचे नाव लोपामुद्रा ठेवले. ती उपवर होताच अगस्त्याने तिला मागणी घातली. वल्कले नेसणाऱ्या तपस्व्याला कन्या द्यावी असे राजाला वाटेना, आणि नकार द्यावा तर शापाचे भय. राजाराणी अशा पेचात असता लोपामुद्रा स्वतः पुढे आली आणि आपल्याला ऋषीच्या स्वाधीन करून त्यांनी स्वतःचे रक्षण करावे, असे तिने पित्याला सांगितले.

विवाहानंतर पतीच्या सांगण्यावरून तिने उंची वस्त्रे व अलंकार उतरविले आणि वल्कले धारण केली. गंगाद्वारी उभयतांचे तप सुरू झाले. पुढे ऋषीने पुत्रप्राप्तीसाठी तिला जवळ बोलाविले, तेव्हा मात्र तिने एक अट घातली. पित्याच्या प्रासादात होती तशी शय्या हवी आणि तसेच अलंकार हवेत. तपस्विनीच्या काषाय वस्त्रांनिशी ती येणार नाही. अगस्त्य म्हणाला, विदर्भराजाजवळ आहे तसे धन आपल्यापाशी नाही. तपाच्या बळाने ते मिळविता येईल, हे तिने दाखवून दिले. तपाचा व्यय होईल, ही त्याची शंका होती. तपाचा व्यय नको आणि धर्माचा लोपही नको, परंतु अट कायम, असे तिचे उत्तर होते.

या एका अटीमुळे कथेला निराळेच वळण लागते. ऋषी धनासाठी श्रुतर्वा राजाकडे गेला. इतरांना पीडा न होता देता येईल तेवढेच धन द्यावे, असे त्याचे मागणे होते. राजाने आपल्या आयव्ययाचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. जमा आणि खर्च सारखेच निघाले. यातून काही घेतले तर प्रजेला त्रास होईल, असे पाहून ऋषीने काहीच घेतले नाही. ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या राजांकडेही तेच आढळले. शेवटी सर्वजण इल्वल नावाच्या धनाढ्य असुराकडे गेले. तेथे वातापीला पचविल्याची प्रसिद्ध कथा घडली आणि अगस्त्याला विपुल धन मिळाले. परत आल्यावर त्याने पत्नीला विचारले, हजार पुत्र हवेत, शंभर हवेत, दहा हवेत, की हजारांना जिंकणारा एक हवा? तिने एकच विद्वान पुत्र मागितला. तोच दृढस्यू होय. लहानपणी तो पित्यासाठी समिधांचा भार वाहून आणी, म्हणून त्याला इध्मवाह असेही नाव पडले.

वातापीची गोष्ट भारतात सर्वतोमुखी आहे. ती ज्या स्त्रीच्या अटीमुळे घडली, तिचे नाव मात्र ती गोष्ट सांगणाऱ्या पुष्कळांना आठवत नाही.

आता अर्थाकडे वळू. नावांच्या आजकालच्या छोट्या पुस्तकांत लोपामुद्रा या शब्दापुढे ‘विदुषी’ किंवा ‘अगस्त्य ऋषींची पत्नी’ असे छापलेले असते. ही त्या व्यक्तीची ओळख झाली. शब्दाचा अर्थ झाला नाही. शब्दाचे दोन भाग उघड आहेत. लोप म्हणजे नाहीसे होणे आणि मुद्रा म्हणजे खूण, ठसा. महाभारतातील जन्मकथेला धरून कोशकारांनी असा अर्थ लाविला की जिच्या निर्मितीसाठी प्राण्यांच्या सौंदर्याच्या खास खुणा वेचून घेतल्या गेल्या, आणि त्यामुळे जिच्यापुढे त्या प्राण्यांची मुद्रा लोप पावली, ती लोपामुद्रा. दुसरा अर्थ असा की इतर स्त्रियांच्या रूपाभिमानाचा जी लोप करते ती. तिसराही एक अर्थ संस्कृत पंडितांनी काढला आहे. शब्दातील ‘पा’ दीर्घ आहे. तेव्हा लोप आणि अमुद्रा असा पदच्छेद करावा. अमुद्रा म्हणजे आनंद न देणारी. पतीच्या सेवेत लोप, म्हणजे खंड, पडला असता जी उदास होते ती लोपामुद्रा.

या तिसऱ्या अर्थापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ऋग्वेदातील लोपामुद्रा वर्षानुवर्षांच्या कष्टांनी शिणलेली आहे आणि आपला शीण ती स्पष्ट शब्दांत बोलून दाखविते. पुढील काळाने तिच्याच नावातून असा अर्थ काढला की सेवेत खंड पडल्यानेच तिला दुःख होते. शब्द तोच राहिला, अक्षरेही तीच राहिली, परंतु बोलणारी स्त्री त्यातून बाजूला झाली. एखाद्या व्यक्तीच्या मताचा लोप करण्यासाठी तिचे नाव पुसावेच लागते असे नाही. नावाचा अर्थ बदलला तरी पुरते, हे यावरून दिसून येईल.

नाव दुर्मिळ का राहिले, याचे काही अंशी उत्तर जुन्या शास्त्रग्रंथांतच मिळते. पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचे नियम आहेत. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे. मुलीच्या नावातील अक्षरे विषम संख्येची असावीत आणि अंती आकार असावा, असे ते सूत्र सांगते. लोपामुद्रा हे नाव आकारान्त आहे, परंतु त्याची अक्षरे चार आहेत. मनुस्मृतीच्या मते स्त्रीचे नाव उच्चारास सोपे, सौम्य, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल आणि आशीर्वादासारखे असावे. लोपामुद्रेत जोडाक्षर आहे, अर्थ स्पष्ट नाही, आणि प्रारंभीच लोप हा शब्द आहे. बारशाच्या दिवशी ज्या घरात ‘गेला’, ‘संपला’ हे शब्दही टाळले जातात, तेथे लोपाने सुरू होणारे नाव कोण ठेवील?

तथापि केवळ शास्त्रामुळे लोकांनी हे नाव टाळले, असे म्हणणे पुरेसे होणार नाही. त्याच मनुस्मृतीने नदीचे, वृक्षाचे किंवा नक्षत्राचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असेही म्हटले आहे. लोकांनी ते मुळीच मानले नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, रेवा, तुळसा, रोहिणी ही नावे देशभर नांदली. विदर्भाच्याच दुसऱ्या दोन राजकन्या पाहाव्यात. दमयंती हे नाव सुशिक्षित घरांतून चालत आले. रुक्मिणी तर रखुमाई होऊन पंढरपूरच्या वाटेवर प्रत्येकाच्या ओठी आली. नाव रुजते ते लोकांच्या गाण्यांमुळे, व्रतांमुळे आणि देवळांमुळे. लोपामुद्रेला महाराष्ट्रात ना व्रत मिळाले, ना ओवी. तिची गोष्ट एका हट्टाची गोष्ट आहे, आणि मुलीला आशीर्वाद म्हणून हट्ट देण्याची चाल नव्हती.

मग हे नाव खरोखरच लोप पावले काय? येथे व्याकरणशास्त्राची थोडी मदत घेता येईल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत लोप ही एक पारिभाषिक संज्ञा आहे. पाणिनीच्या मते लोप म्हणजे अदर्शन, न दिसणे. यानंतर अवघ्या दोन सूत्रांनी तो आणखी एक नियम सांगतो : प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळे होणारे कार्य होतेच. प्रत्यय डोळ्यांना दिसत नाही, परंतु शब्दाचे रूप त्याच्यामुळेच घडलेले असते. लोपामुद्रेच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. नाव दिसेनासे झाले. कार्य मात्र तीन ठिकाणी स्पष्ट दिसते.

पहिले ठिकाण कर्नाटकातील कोडगू. तेथील कावेरीमाहात्म्याच्या कथेनुसार लोपामुद्रा ही ब्रह्मदेवाची कन्या. कवेर मुनीने तिचे पालन केले, म्हणून ती कावेरी. अगस्त्याने तिला मागणी घातली तेव्हा तिने अट घातली की तिला कधीही एकटे सोडून जाऊ नये. एके दिवशी ऋषी तिला कमंडलूतील जलरूपात शिष्यांच्या राखणीला ठेवून स्नानास गेला. अट मोडताच ती वाहू लागली. शिष्यांनी अडविण्याचा प्रयत्न केला तेव्हा ती भूमीखाली गेली आणि भागमंडल येथे पुन्हा प्रकट झाली. आजही ऑक्टोबरच्या मध्यास, तुला संक्रमणाच्या वेळी, ब्रह्मगिरीवरील तलकावेरी येथे भाविक गोळा होतात आणि कुंडातील पाणी उसळून वर येण्याची वाट पाहतात. कोडगूत कावेरी आणि कावेरम्मा ही स्त्रियांची नित्याची नावे आहेत, आणि कावेरी हे नाव महाराष्ट्रातही अपरिचित नाही. या कथेच्या दृष्टीने पाहिले तर लोपामुद्रा हे नाव लोकांनी टाकलेले नाही. त्यांनी ते कावेरी या रूपाने स्वीकारले आहे.

दुसरे ठिकाण तमिळ प्रदेश. तमिळ परंपरा अगस्त्याला पहिला व्याकरणकार मानते. तमिळ शब्दाच्या आरंभी ल हा वर्ण येत नाही. म्हणून तेथे या नावाच्या मागे उकार लागून ते उलोपामुत्तिरै असे होते. तोल्काप्पियम या प्राचीन व्याकरणग्रंथाच्या नच्चिनार्किनियर या मध्ययुगीन टीकाकाराने एक कथा दिली आहे. पत्नीला दक्षिणेत आणण्यासाठी अगस्त्याने शिष्याला पाठविले आणि वाटेत तिच्यापासून चार काठ्यांचे अंतर राखण्यास बजावले. वैगै नदी ओलांडताना पूर आला आणि ती वाहून जाऊ लागली. शिष्याने बांबूची काठी पुढे करून तिला वाचविले. अंतर मोडले म्हणून ऋषीने दोघांनाही शाप दिला. त्या दोघांनीही उलट त्याला शाप दिला. व्याकरणाच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही कथा टिकून राहिली, आणि तिच्यातही लोपामुद्रा मुकाट्याने शाप सोसणारी नाही.

तिसरे ठिकाण शाक्त उपासना. श्रीविद्येच्या पंधरा अक्षरी मंत्राचे दोन प्रमुख पाठ आहेत. ‘क’ने सुरू होणारा तो कादि आणि ‘ह’ने सुरू होणारा तो हादि. कादि विद्येचा द्रष्टा कामदेव मानला जातो. हादि विद्येची द्रष्टी लोपामुद्रा आहे, आणि त्या विद्येला तिचेच नाव आहे. ललितासहस्रनामात देवीच्या नावांपैकी एक नाव ‘लोपामुद्रेने पूजिलेली’ अशा अर्थाचे आहे. या परंपरेतील एका कथेनुसार ही विद्या अगस्त्याला त्याच्या पत्नीकडूनच मिळाली. घरातील मुलीला जे नाव देण्यास लोक बिचकले, ते नाव उपासकांच्या मुखी नित्य राहिले.

नावाचे खरे पुनरागमन विसाव्या शतकात झाले, आणि ते प्रामुख्याने पूर्व भारतात. बंगालमध्ये मुलाला दोन नावे देण्याची रीत आहे. एक ‘भालो नाम’, म्हणजे शाळेत व कागदोपत्री लावण्याचे. दुसरे ‘डाक नाम’, म्हणजे घरात हाक मारण्याचे. घरच्या हाकेसाठी लहानसे नाव वेगळे असल्यामुळे औपचारिक नाव कितीही लांब, भारदस्त आणि ग्रंथातले असले तरी त्याचे ओझे होत नाही. लोपामुद्रेचे घरगुती रूप ‘लोपा’ असे सहज होते. संस्कृत साहित्यातून नावे शोधून काढण्याचा छंदही तेथील सुशिक्षित कुटुंबांत रुजला होता. गृह्यसूत्राची विषम अक्षरे तेथे कोणी मोजली नाहीत. बंगाल, ओडिशा आणि आसाम या प्रदेशांत हे नाव आज ओळखीचे आहे. बंगालच्या गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते दूरवर पोचले. पश्चिम भारतात कन्हैयालाल माणेकलाल मुनशी यांनी लोपामुद्रेच्याच नावाने वैदिक काळावर गुजराती लेखनमाला रचली. तिच्यात कादंबरी आहे आणि नाटकेही आहेत. २०१६ साली मिस युनायटेड कॉन्टिनेन्ट्स या स्पर्धेत भारतातर्फे गेलेली तरुणी नागपूरची लोपामुद्रा राऊत होती. विदर्भराजाच्या कन्येचे नाव विदर्भाच्या एका मुलीसह पुन्हा वृत्तपत्रांत झळकले.

येथवर एका नावाचा इतिहास झाला. परंतु मुलीचे नाव हा केवळ कोशाचा विषय नव्हे. महाराष्ट्रात विवाहाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल आहे. ती आता पुष्कळ घरांत मागे पडली आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्या अनेक स्त्रियांनी वीस-बावीस वर्षे वापरलेले नाव त्या तांदळांत सोडले. माहेरी एक मुद्रा आणि सासरी दुसरी, पहिलीचा लोप. दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. मुलगा हवा असता मुलगी झाली म्हणून तिला ‘नकुशी’ म्हणण्याची प्रथा काही भागांत होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या दिवसापर्यंत शाळेतील हजेरीच्या वेळी प्रत्येक सकाळी त्यांना आपल्या नावातून एकच गोष्ट ऐकू येत होती. नाव म्हणजे वडीलधाऱ्यांनी मुलीविषयी उच्चारलेले पहिले वाक्य असते, आणि ते तिला जन्मभर ऐकावे लागते.

या दृष्टीने पाहता लोपामुद्रा हे नाव अमंगल ठरविणे न्यायाचे होणार नाही. कोशकारांच्या अर्थाने ही लोप पावणारी स्त्री नव्हे. जिच्यापुढे इतरांच्या खुणा लोपतात अशी ही स्त्री आहे. वेदात ती आपला शीण लपवीत नाही. महाभारतात ती पित्याला वाचविते, पतीला अट घालते, आणि हजार पुत्र मिळत असता एकच विद्वान पुत्र मागते. कोडगूच्या कथेत वचन मोडताच ती निघून जाते, आणि तिच्या जाण्याने एका मोठ्या प्रदेशाला पाणी मिळते. या साऱ्या कथांचा काळ, भाषा आणि हेतू वेगवेगळे आहेत. आपले म्हणणे तिने कोठेही गिळलेले नाही, एवढे मात्र सर्वांत समान आहे.

ज्या घरात हे नाव ठेवले जाईल, तेथील मुलीला त्याचा अर्थ वारंवार विचारला जाईल, हे निश्चित. त्या वेळी ‘अगस्त्य ऋषींची पत्नी’ एवढेच उत्तर तिच्या हाती देऊन चालणार नाही. ऋग्वेदातील ज्या संवादात हे नाव प्रथम येते, त्यातील पहिले वाक्य तिचे आहे, हे तिला सांगून ठेवावे.